मांडवावरची टमाटी

आसनगावहून पायवाटेनं आत गेलं की आमचं सासरचं गाव, आणि तिथला कायदा असा, की भाताची कापणी उरकली की सगळ्यांनी आपापली गुरं सोडून द्यायची. मग राज्य त्यांचं. वळचणीचं गवत ओढतील, कुडाचं सारवण चाटतील. एका म्हशीनं तर माझ्या वाळत घातलेल्या लुगड्यावरची फुलं चाटून पुसून काढली. ते लुगडं पुढं मी साधं म्हणून नेसले. अशा गावात जमिनीत रोप लावायचं म्हणजे गुरांना पान वाढायचं. म्हणून माझी टमाटी डब्यात लागली आणि डबे अंगणातल्या मांडवावर चढले.

बी आणलं आमच्या घरधन्यांनी. ते कसाऱ्याला रेल्वेत खलाशी. तिथल्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं क्वार्टरच्या पायरीवर डब्यांत बुटकी टमाटी लावली होती. झाड एवढंसं, मुंगी चढली तरी तिला दम लागू नये, आणि फळं इतकी की पान शोधावं लागावं! रुमालाच्या गाठीत ते बी घरी आलं. मी सिद्धगडाच्या पायथ्याची, मुरबाडकडची. लग्नाचं पहिलंच वर्ष. चूल सासूबाईंची, कणगी सासूबाईंची, कोंबड्यासुद्धा त्यांचाच आवाज ओळखायच्या. त्या घरात माझं म्हणावं असं काही आलं ते त्या गाठीत.

"टमाटं? रगतावानी दिसतं त्ये," सासूबाई म्हणाल्या. "खाल्लं त आंग सुजतं." गावात कुणी ते घरात घेतलं नव्हतं. पण मी हट्टाला पेटले, तेव्हा त्यांनी तोडगा काढला. घरात घासलेटचे दोन चौकोनी डबे होते. अंगणाजवळची विहीर आटली की ते लांब नदीवरनं पाणी आणायला लागायचे. "तवर घे डबे. पर इहिरीचा तळ दिसला का डबे माझे. फळ पिकलं त ठीक, नायतर झाड गुरांफुडं!"

म्हणजे शर्यत लागली. एकीकडं माझं झाड, दुसरीकडं विहीर.

मी माती भरायला घेतली तर सासरे आले. त्यांना आम्ही मामा म्हणायचो. "आगो, राब भाजल्याबिगर बी रुजतं का कुठं?" आमच्याकडं भाताचं बी पेरण्याआधी त्या जागेवर शेण, फांद्या, पाचोळा पसरून जाळतात, तो राब. मामांनी जन्मभर भात केलं. टमाट्याला वेगळा न्याय त्यांना सुचेना. सासूबाई रानात गेल्या होत्या. अंगणातच मामांनी दोन्ही डब्यांत शेण घातलं, काटक्या ठासल्या, वर पेंढा रचला आणि दिली काडी. जाळ असा उठला, की तिकडं सिद्धगडाखाली माझी आई म्हणे हात शेकत बसली!

निवल्यावर मामांनी एक डबा उचलला. डबा वर आला. माती खालीच राहिली, आणि तळही. सांध्याचं कथील वितळून गेलं होतं. दुसऱ्याचीही तीच गत.

मामांचा चेहरा राखेसारखा. "पोरी, हिला बोलू नको."

"मी नाय बोलायची मामा. पर इहीर बोलंल."

आम्ही दोघांनी घाईघाईनं तळ जागेवर बसवले, बी टाकलं, डबे फळ्यांवर सरकवून मांडवावर चढवले, आणि त्या दिवसापासून सासू झोपेत कुशीवर वळली तरी आम्ही दोघं उठून बसायचो.

रोपं मात्र काय माजली! पाणी साठेना, फटीतून निथळून जायचं. मी तांदळाचं धुवण घालायची. सकाळी उठून आधी विहिरीत वाकून बघायचं, मग शिडीवर चढून झाडाकडं. विहीर खाली, फूल वर! विहीर आणखी खाली, हिरवी गोळी! मामांनी तर विहीर वाचवायला अंघोळच सोडली. शेवटी शेवटी मोकाट गुरं आमच्या घराला वळसा घालून जायला लागली. पण फळं हिरवीच. रुसल्यासारखी लोंबत राहिली.

आणि शिमग्याच्या सुमाराला एका सकाळी पिकली. लाल म्हणजे किती? आसनगावला येणारी मालगाडी लांबूनच उभी राहिली, सिग्नल समजून. घरधन्यांनी शपथेवर सांगितलं, आणि सिग्नलबद्दल रेल्वेचा माणूस खोटं बोलेल का?

मी शिडीवरून ओरडणार, तोच विहिरीवरून सासूबाई ओरडल्या, "पोहऱ्याला चिखल लागला! उतरव डबे!"

मी जागची हलेना, तशी त्यांनी मला शिडीवरून खाली खेचलं आणि स्वतः चढल्या. डब्याला हात घातला, ओढला. पोराच्या अंगातलं झबलं निघावं तसा डबा निघाला. मातीचा चौकोनी ठोकळा मुळ्यांनी विणलेला, झाडासकट तस्साच उभा! सासूबाईंनी डब्यात डोकावलं. आरपार त्यांना खाली उभे असलेले मामा दिसले.

"राब," मामा म्हणाले, "वाईच कडक झाला."

"राब? डब्यात? आवो, उद्या नातवाच्या पाळण्यात राब भाजाल तुमी!"

मग माझ्याकडं वळल्या. "आन् ह्ये? ह्याच्यापायी डबे गेले? खाऊन दाव."

मी चढले, सगळ्यांत मोठं तोडलं आणि कचकन चावले. रस उडाला तो थेट त्यांच्या ओठावर. त्यांनी पुसायला जीभ फिरवली. थांबल्या. पुन्हा फिरवली.

मग त्यांनी चार फळं ओच्यात घातली, निखाऱ्यात भाजली, मीठ, मिरची, भाजलेली सुकट घालून चेचली आणि भाकरीवर घेऊन बसल्या. मामांनी हात पुढं केला. "तुमी राख खा," सासूबाई म्हणाल्या. पण थोड्या वेळानं त्यांच्याही भाकरीवर घातलं. नंतर मांडवावर जाऊन त्यांनी तो बिनबुडाचा डबा झाडावरून हलक्या हातानं पुन्हा खाली सरकवून बसवला. एक पान मोडू दिलं नाही.

त्या दुपारी आम्ही दोघी डोक्यावर हंडे घेऊन नदीला निघालो. नदीवर बायांनी विचारलं, डबे कुठं गेले? सासूबाईंनी अशी काही हकिगत सांगितली, की त्यांच्यापुढं मी अगदीच खरं बोलणारी बाई ठरावी. टमाटी त्यांच्या तोंडी नारळाएवढी झाली होती.

"बी दे की गो मला थोडं," एक शेजारीण म्हणाली.

"मला काय इचारतेस? सुनेची हायेत ती. तिला इचार."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी काठोकाठ भरलेला हंडा डोक्यावर घेतला, मानेवरून पाठीत पाणी ओघळत होतं, तरी ऐटीत उभी राहिले.

"बघू," मी म्हटलं. "इचार करून सांगते."