शांताबाईंच्या हातातल्या दोन बाटल्या

करणी, भानामती, अंगात येणं... यांवर माझा काडीचाही विश्वास नाही. अंगात आलेली माणसं मी पाहिली ती सत्कार समारंभात, हातात माईक आल्यावर. तरीही हे लिहितोय.

साल दोन हजारच्या आसपासचं. मंचरला पाणी तपासणीच्या एका खोलीत मी नोकरीला होतो. घोड नदीकाठच्या एका गावातून, बौद्ध वस्तीच्या विहिरीचे तीन नमुने आले होते. वरच्या आळीचं गटार त्या विहिरीला खेटूनच नदीत उतरतं. वस्तीतल्या शांताबाईंची लहान मुलगी जुलाब-उलट्यांनी गेली होती. विहीर खराब ठरली, तरच गावचा नळ वस्तीपर्यंत येणार होता. पण गाव स्वच्छतेच्या बक्षिसाला उभं — म्हणून नमुने घ्यायच्या आधी विहिरीत ब्लीचिंग पावडर ओतलेली. बाटल्यांनाही वास येत होता.

तपासणी साधी. छोट्या बाटलीत औषधाची पट्टी असते. पाण्यात विष्ठेतले जंतू असले की दीड-दोन दिवसांत पाणी काळं पडतं. तिसऱ्या दिवशीही तिन्ही बाटल्या नितळ.

दुपारी शांताबाई आल्या. त्या गावचे सरपंच आमच्या साहेबांसमोर चहा पीत बसलेले.

"पाणी चांगलं हाय म्हणता, मंग माझी पोर कशानं गेली, भाऊ?"

मी एक बंद बाटली त्यांच्या हातात दिली. "तुम्हीच बघा."

त्यांनी ती मुठीत धरली. मूठ उघडली तेव्हा पाणी शाईसारखं काळं! सील शाबूत. साहेबांनी दुसरी दिली — तीही तशीच. तिसरी मी स्वतः धरून बसलो, तळहाताला घाम फुटेपर्यंत... काही नाही.

"बाईचा हातच वंगाळ दिसतोय राव," सरपंच म्हणाले.

"हात धुते ते पाणी तुमच्याच गटाराचं हाय, सरपंच."

साहेबांनी घसा खाकरला. हाताळलेली बाटली नमुना धरता येत नाही, म्हणाले. तिसरीवरून दाखल्याचा कागद निघाला : पिण्यास योग्य. तिसरी माझ्या हातात होतीच की. पण माझा हात बहुधा हातात मोजत नसावेत. गावाला बक्षीस मिळालं. ते द्यायला आलेल्या पाहुण्यांनी स्टेजवर विकतचं पाणी घेतलं.

नंतर मी तसल्याच बाटल्यांवर नाना प्रयोग केले. ऊन, घाम, जुनं औषध... सीलबंद पाणी मिनिटभरात काळं होणं कशातच बसत नाही. आजही नाही. एकदा शांताबाई बाजारात भेटल्या, तेव्हा त्यांना तसं सांगितलं — कारण काही सापडत नाही.

"ते तुमी निवांत शोधा," त्या म्हणाल्या. "कारण मला ठावं हाय. मला कागद पायजे व्हता."