फळ्यावरचा सहावा

२०२० च्या जून महिन्यात, एका सोमवारी संध्याकाळी साडेसहानंतर, लालबागमधल्या आमच्या चाळीच्या फळ्यावरचा पाचाचा आकडा मी पुसला आणि तिथे सहा लिहिला. आकडा बरोबर होता. माझ्याकडे महापालिकेच्या यादीचा आधार होता.

तेव्हा चाळ सील होती. फाटकाला आडवे बांबू बांधले होते आणि बाहेर खुर्ची टाकून एक स्वयंसेवक बसायचा. भाजी, दूध, औषधं बांबूच्या वरून आत यायची. मी एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर उपसंपादक होतो आणि घरून काम करत होतो. माझं काम आकड्यांचं होतं. महापालिकेचं पत्रक रोज संध्याकाळी मोबाइलवर यायचं. त्यातून वॉर्डवार तक्ता करायचा, कालच्या आकड्याशी ताडून पाहायचा, फरक जास्त वाटला तर फोन करून खात्री करायची आणि आठच्या आत पान पाठवायचं. दोन खोल्यांच्या घरात टेबलाला जागा नव्हती. मी पलंगावर इस्त्रीची फळी आडवी ठेवून तिच्यावर लॅपटॉप ठेवत असे. परळ, लालबाग, शिवडी या भागाचा आकडा शहरात सगळ्यात आधी ज्यांना कळायचा, त्यांत मी होतो.

आमच्या घरात मात्र तो कुणाला नको होता.

"फळ्यार किती लिवल्यानी?" आई रोज विचारायची. ती तेव्हा बहात्तर वर्षांची होती, मालवणी बोलायची, आणि रक्तदाबाची गोळी चहाबरोबर घ्यायची.

"माझ्याकडे आहे ना आकडा. आत्ताच आलाय."

"तुझो आकडो सगळ्या वॉर्डाचो. माका चाळीचो होयो."

मग ती मास्क लावून गॅलरीत जायची आणि कठड्यावरून वाकून खाली बघायची.

फळा जिन्याच्या तोंडाशी होता. एरवी त्याच्यावर पाण्याच्या वेळा, गणपतीच्या मीटिंगा आणि कुणाच्या तरी बाराव्याची वेळ असायची. मार्चमधली एक ओळ, 'रविवारी सर्वसाधारण सभा, सर्वांनी उपस्थित राहावे', कोपऱ्यात तशीच राहिली होती. ती सभा झाली नाही आणि ओळ कुणी पुसली नाही. तिच्या खाली तिसऱ्या मजल्यावरचे काका रोज साडेसहाला चाळीतल्या कोरोनाच्या रुग्णांचा आकडा लिहायचे. चाळीत काका पुष्कळ होते, पण नुसतं 'काका' म्हटलं की तेच. ते गिरणीत हजेरी कारकून होते. गिरणी बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती, हजेरी घ्यायची सवय मात्र राहिली होती.

त्यांची पद्धत अशी होती. सहा वाजता ते अंगणाच्या मधोमध उभे राहायचे. खांद्यावर पंचा, नाकातोंडावर दोन मास्क, हातात शाळेची वही. तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत एकेका खोलीचा नंबर ते मोठ्याने पुकारायचे. खोलीतल्या माणसाने कठड्याशी येऊन हात वर करायचा आणि घरात किती माणसं आहेत, कुणाला ताप आहे का, ते सांगायचं. गावी गेलेल्यांपुढे वहीत एक रेघ. दवाखान्यात नेलेल्यांपुढे फुली.

"खोली नंबर चौदा!"

"चौघं हजर, काका. फक्त दारू गैरहजर."

"ती कायमची गैरहजर राहू दे. ताप?"

"नाय."

सगळी चाळ हसायची. महिनोन् महिने घरात कोंडलेली माणसं या अर्ध्या तासासाठी केस विंचरून गॅलरीत येत होती. मी त्या वेळी पलंगावर पत्रकाची वाट बघत असायचो. काका नंबर पुकारत पुढे जायचे तसे हसण्याचे आवाज एकेक मजला वर चढताना मला ऐकू यायचे. आमच्या खोलीचा नंबर सत्तावीस. त्याला आई हात वर करायची.

एकदा मी गॅलरीतून ओरडून सांगितलं, की आपल्या वॉर्डचा आजचा आकडा आलाय, कुणाला हवा असेल तर. समोरच्या बाजूच्या एका बाईने उत्तर दिलं, "ठेव तुझ्याकडेच. तुझं उद्या सकाळी पेपरात येणार, काकांचं आत्ता आलं." परत हशा. काकाही हसले.

मला काकांचा मत्सर वाटत होता. तो जूनमधला नव्हता. काकांनी चाळीतल्या पुष्कळ मुलांना कॅरम शिकवला, पण स्वतःच्या जोडीला घेतलं ते माझ्या थोरल्या भावाला, दादाला. दोघांनी मिळून मंडळाची ढाल जिंकली होती. ती काकांच्या खोलीत आहे. दादा लग्नानंतर डोंबिवलीला राहायला गेला. वीज कंपनीत नोकरीला असल्यामुळे टाळेबंदीतही त्याची ड्युटी चालू होती. त्याचं रेशनकार्ड, मतदान, आधार, सगळं मात्र खोली नंबर सत्तावीसच्या पत्त्यावर होतं. चाळ पुनर्विकासात जाईल तेव्हा खोलीवर नाव असावं म्हणून त्याने ते बदललं नव्हतं. अशी माणसं आमच्या चाळीत घरटी एक होती. राहायला नालासोपारा, बदलापूर, विरार, कागदावर लालबाग. याबद्दल कुणी चर्चा करत नसे.

काकांचा आकडा चुकीचा असावा, असं मला वाटू लागलं होतं. आधी वाटलं आणि मग मी पुरावा शोधला. डेस्कवर शिकाऊ मुलांना मी याच्या उलट शिकवत असे.

त्या सोमवारी दुपारी मी वॉर्ड ऑफिसातल्या एका ओळखीच्या माणसाला फोन केला आणि रुग्णांच्या यादीत आमच्या इमारतीपुढे किती आहेत ते विचारलं. नावं मागितली नाहीत. रुग्णांची नावं मागायची नाहीत हा आमचा नियम होता, आणि मला आकडाच हवा होता. तो म्हणाला, सहा. मी पुन्हा विचारलं. तो पुन्हा म्हणाला, सहा.

साडेसहाला काकांनी फळ्यावर पाच लिहिला. मी खाली उतरलो.

"काका, सहा आहेत."

त्यांनी खडू खाली घेतला. "पाच आहेत. पाचही जणांची नावं सांगू?"

"यादीत सहा आहेत. मी खात्री केलीय."

"यादीत असतील. चाळीत पाच."

"म्हणजे यादी खोटी?"

"मी कुठे म्हटलं खोटी? पटावर किती आणि खात्यात हजर किती, हे दोन निराळे आकडे असतात. मी हजर मोजतो."

"लोक हा आकडा खरा धरून चालतात, काका. एक माणूस लपवला तर..."

लपवला हा शब्द मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो. गॅलऱ्यांमधली माणसं कठड्याशी सरकली. काकांनी वर दुसऱ्या मजल्याकडे पाहिलं. तिथे आई उभी होती. मग ते एक पाऊल जवळ आले आणि मास्कमधून हळू आवाजात म्हणाले, "आज राहू दे. माझं ऐक. उद्या तुला सांगतो."

उद्या हा शब्द मला पुरला नाही. मी हात पुढे केला. त्यांनी खडू दिला. मी पाच पुसला, सहा लिहिला.

पहिला आवाज चौदा नंबरमधून आला. "म्हणजे पुन्हा चौदा दिवस? बांबू निघणार नाहीत?" मग सगळे एकदम बोलू लागले. ताप कुणाला होता, कोण कोणाच्या घरी चहाला गेलं होतं, संडासाच्या रांगेत कोण खोकत होतं. तळमजल्यावरच्या एका बाईने शेजारणीच्या तोंडावर दार लावून घेतलं.

या गोंधळात आईचा आवाज आला. "सहावो खंयच्या खोलीतलो?"

प्रश्न बरोबर होता. फळ्यावर आकड्यापुढे खोल्यांचे नंबर लिहायची रीत होती. पाचांपुढे पाच नंबर होते. माझ्या सहाव्याला नंबर नव्हता.

काका माझ्याकडे पाहत होते. मी सगळ्यांसमोर मोबाइल काढला आणि वॉर्डातल्या त्या माणसाला पुन्हा फोन लावला. म्हणालो, नाव नको, फक्त खोली नंबर सांग. त्याने यादी उघडेपर्यंत थोडा वेळ गेला. मग तो म्हणाला, सत्तावीस.

मी फोन बंद केला. माझ्या हातात खडू होता आणि मी काही लिहिलं नाही.

"खोली?" आईने वरून विचारलं.

काकांनी माझ्या हातातून खडू काढून घेतला. "वहिनी, तुम्ही आधी खुर्चीवर बसा," ते आईला म्हणाले. शेजारच्या बाईने खुर्ची आणली. आई बसली नाही. काकांनी अंगणातून वर बघत सांगितलं, "थोरला आहे तुमचा. डोंबिवलीला हॉस्पिटलात आहे, आठ दिवस झाले. ऑक्सिजन लावला होता, तो काल काढलाय. आज सकाळी बोलला माझ्याशी. आधारचा पत्ता इथला, म्हणून यादीत इथे आलाय."

दर दोन दिवसांनी दादाच्या बायकोचा, माझ्या वहिनीचा, आईला फोन येत होता. दादाची ड्युटी वाढलीय, घरी फक्त झोपायला येतो, असं ती सांगत होती. आईने त्यावर विश्वास ठेवला होता. मीही ठेवला होता.

"तुमका रोज फोन येता?" आईने काकांना विचारलं.

"येतो."

"आणि माका कित्याक नाय?"

"तुमच्या प्रेशरमुळे. बरं वाटलं की तो स्वतःच सांगणार होता."

आईने विचारलं, "जेवता मा तो?"

"कालपासून पेज घेतोय."

तिने मान हलवली आणि आत गेली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

मला का सांगितलं नाही, हे मी जिन्यात काकांना विचारलं. ते दोन पायऱ्या वर होते. कठड्याला धरून थांबले. "तोच म्हणाला, धाकट्याला सांगू नका. त्याला सांगितलं तर तो आधी आकड्यात घालील." मग म्हणाले, "गमतीने म्हणाला रे."

त्या संध्याकाळी पान वेळेवर गेलं. नंतर मी मागचे तक्ते काढून पाहिले. आमच्या वॉर्डच्या त्या आठवड्यातल्या कुठल्या तरी एका दिवसाच्या आकड्यात माझा भाऊ होता आणि तो आकडा मी टाइप केला होता. कुठला दिवस, ते तक्त्यावरून कळत नाही.

काकांनी फळ्यावर पुन्हा पाच लिहिला आणि खाली नवी ओळ काढली: 'पटावर, चाळीबाहेर: १'. तिच्यापुढे त्यांनी सत्तावीस लिहिला. दुसऱ्या दिवसापासून हजेरीत सत्तावीस नंबर आला की आई हात वर करायची, आणि मग काका तिला दादाची खबर सांगायचे. ताप नाही. ऑक्सिजन नाही. आज भाकरी मागितली. बाकीची चाळही ऐकायची. चौदा नंबरवाला एकदा ओरडला, "काका, त्याला सांगा, कॅरमला पावडर मारून ठेवलीय." मी हे सगळं आतून ऐकत होतो. त्या दिवसांत मी दादाला तीनदा फोन केला. त्याचा मोबाइल घरीच राहिला होता, काकांना तो हॉस्पिटलातल्या कुणाच्या तरी फोनवरून करायचा; माझा दोनदा वहिनीने घेतला, एकदा कुणीच नाही. आईने मला फळ्यावरचा आकडा विचारणं बंद केलं, कारण आता ती स्वतः वेळेआधी गॅलरीत जाऊन उभी राहत होती.

दादाला पुढच्या आठवड्यात घरी सोडलं. संध्याकाळी हजेरी चालू असताना, दुसरा मजला अजून यायचा होता, तेव्हा काकांच्या खिशातला मोबाइल वाजला. त्यांनी वही काखेत धरली, फोन कानाला लावला, ऐकलं आणि सत्तावीस नंबर रांग सोडून आधी पुकारला. आईने हात वर केला. काकांनी फोन स्पीकरवर टाकला आणि डोक्यावर उंच धरला. दादा काय बोलला ते दुसऱ्या मजल्यापर्यंत नीट ऐकू आलं नाही. त्यानंतर काका फळ्याकडे गेले आणि खालची ओळ त्यांनी पंचाने पुसली.

दादाचा मला फोन दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आला. मोबाइलमध्ये तशी नोंद आहे.