लाल रुमालातले प्रश्न

"पहिले मुद्दा धर, मंग तोंड उघड," असं म्हणत नाना समोरच्याच्या तोंडापुढे तळहात आडवा धरायचे. पक्षकार असो की मी, गप्प व्हावंच लागे. असा एखादा माणूस तुम्हालाही भेटला असेल, आणि त्याचा राग कसा येतो तेही ठाऊक असेल.

नंदुरबारला एका वकीलसाहेबांकडे आम्ही दोघे कारकून. नाना चाळिशीचे, रोज जवळच्या कोरीट गावाहून पायी येत. मी पंचविशीचा. दोघांनाही वकिलीच्या सनदेची परीक्षा द्यायची होती. नाना दोनदा नापास झालेले. साहेबांनी बजावलं होतं, "यंदा शेवटची रजा."

त्या वर्षी जुन्या प्रश्नपत्रिकांचा एक गठ्ठा हाती लागला. नानांनी कात्री घेतली आणि एकेक प्रश्न कापून विषयवार वेगळा केला. कोर्टाचे कागद बांधतात तसे रुमाल आणले. मुदतीच्या कायद्याचा हिरवा, पुराव्याचा पांढरा, दत्तकाचा लाल.

"दोन येळा येडासारखा वाचत बसनू," ते म्हणाले. "आते प्रश्नच सांगी, तो कोना शे." म्हणजे तो कुठल्या कायद्याचा, ते.

अभ्यास खरोखरच पळू लागला. परीक्षक दरवर्षी कुठे अडवतो, ते ओळीनं दिसायचं.

आठ दिवस राहिले तेव्हा हिरव्या रुमालातली एक चिठ्ठी माझ्या हातून उलटी पडली. मागेही छापलेलं होतं. दत्तकाचा अख्खा प्रश्न, लाल रुमालात कधी न गेलेला. कोर्टाच्या कागदाची पाठ कोरी ठेवायची, या वीस वर्षांच्या सवयीनं नानांनी पानं उलटून पाहिलीच नव्हती.

नाना समोरच डोळे मिटून कलमं घोकत होते. आता सांगितलं तर ऐन वेळी खचतील, असं मी स्वतःला समजावलं. पण खरं सांगायचं तर, हा प्रश्न एकट्या मला माहीत आहे याचं मला बरं वाटलं. मी मागे पेन्सिलीनं बारीक खूण केली, प्रश्न पाठ केला आणि चिठ्ठी सुलटी ठेवून दिली.

मुंबईला जाताना गाडीत नानांनी भाकर पुढे केली. "खाय भाऊ. भ्यावू नको." मी भाकर हातात घेऊन खिडकीकडे वळलो.

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. मी भराभर लिहीत सुटलो. नाना दोन बाकं पुढे, आपलाच तळहात तोंडावर धरून बसले होते.

मी पास झालो, नाना नाही. पुढे मी वकिली मांडली तेव्हा ते माझेच कारकून झाले. 'भाऊ' म्हणायचं सोडून 'वकीलसाहेब' म्हणू लागले. मी कितीदा सांगितलं, ऐकलं नाही. काम मात्र शेवटपर्यंत चोख.

नाना गेल्यावर त्यांच्या बायकोनं ते रुमाल आणून दिले. "तुमलेच देवाले सांगेल व्हतं," म्हणाली. मलाच द्यायला नाना सांगून गेले होते.

लाल रुमाल सोडला. चिठ्ठ्यांच्या पाठीमागचे दत्तकाचे सगळे प्रश्न नानांनी सुवाच्य अक्षरात उतरवून जागच्या जागी लावले होते. खाली तारीख होती, मुंबईहून परतल्याच्या आठवड्यातली. सगळ्यात वर माझ्या पेन्सिलीच्या खुणेची ती चिठ्ठी, उलटी ठेवलेली.

मुद्दा त्यांनी तेव्हाच धरला होता. तोंड मात्र कधीच उघडलं नाही.