अकरा नंबरच्या गोधडीचा लाल दोरा

या सदरात लोक जे अजब अनुभव लिहितात ते मी आजवर चहाबरोबर करमणूक म्हणून वाचत आले. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. देवाला नवस बोलले तरी पावती मागेन, असा माझा स्वभाव... आणि नोकरीही तशीच होती. म्हणून जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते.

साल शहाऐंशी. अंधेरी पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात आमची छोटी संस्था होती – गावोगावच्या बायकांनी शिवलेल्या गोधड्या प्रदर्शनांना पाठवायची. त्या टांगणं आणि पाठवणं माझ्याकडे. गोधडीच्या मागे वरच्या कडेला कापडाचा नेफा शिवायचा, त्यातून लाकडी पट्टी सरकवायची, म्हणजे ती भिंतीवर सरळ राहते. पाठवताना घडी घालायची नाही, घडीवर जुनं कापड चिरतं. पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळायची, वर मलमल, मग खोक्यात. आणि प्रत्येकीचा एक फॉर्म – कंडिशन रिपोर्ट. कुठे डाग, कुठे विरलंय, कुठे दोरा सुटलाय, सगळं लिहून खाली सही. पोचल्यावर तिकडचे लोक तोच फॉर्म तपासून पुढे भरतात. वाटेत काही बिघडलं तर खापर कोणावर फोडायचं, ते ठरवायला.

खोकी बनवायचे परब मेस्त्री. दिंडोशीला राहायचे, मूळचे मालवणकडचे, गिरणी बंद पडल्यावर सुतारकामाला लागलेले.

त्या वर्षी परदेशातल्या एका म्युझियमला प्रदर्शनापुरत्या बारा गोधड्या जायच्या होत्या. तयारी चालू असताना अकरा नंबरच्या गोधडीला कसर लागलेली निघाली. तिच्या जागी मी माझ्या आईची दिली.

आई आदल्या वर्षी गेली होती. बोरीवलीच्या घरात आम्ही दोघीच राहायचो. शेवटच्या वर्षात तिने स्वतःच्या जुन्या लुगड्यांची ही गोधडी शिवली, माझ्यासाठी. सगळा धावदोरा लाल. आईची एक रीत होती – घरातल्या गोधडीला शेवटची गाठ मारायची नाही, कोपऱ्यात वीतभर दोरा सुटा ठेवायचा. बाहेर द्यायची असेल तिलाच गाठ. "गाठ मारली की ती आपली नाही," म्हणायची. ही रीत सगळीकडे आहे की फक्त तिच्या माहेरची, मला ठाऊक नाही. माझ्या गोधडीच्या कोपऱ्यात दोरा सुटा होता.

मग दिली कशाला? कारण ती मला पांघरवत नव्हती आणि कपाटात बघवतही नव्हती. संध्याकाळी कुलूप मीच काढायचं, दिवा मीच लावायचा, एका माणसाच्या भाताला कुकर लावायचा. एकटं वाटायचं. फार वाटायचं... शेजारच्या शाहबेननी विचारलं की मात्र मी मजेत आहे म्हणायचे. म्युझियमने फोटो पाहून कळवलं, ही गोधडी कायमची ठेवून घ्यायला आवडेल. मी हो लिहून टाकलं. वाटलं, डोळ्याआड झाली की सुटेन.

पाठवण्याआधी मुलुंडच्या एका हॉलमध्ये दोन दिवस प्रदर्शन होतं. कायमच्या संग्रहात जाणाऱ्या गोधडीला सुटा दोरा चालत नाही, म्हणून आदल्या संध्याकाळी सगळ्या टांगून झाल्यावर मी स्टुलावर बसले, आईच्या दोऱ्याला गाठ मारली आणि उरलेला कापडालगत कापला. तुकडा पर्समध्ये टाकला. हॉलला कुलूप लावलं, किल्ली माझ्याकडे.

सकाळी मी आणि मेस्त्री आत गेलो. अकरा नंबरच्या कोपऱ्यातून दोरा लोंबत होता. लाल, वीतभर.

मी आधी पर्स उघडली. कापलेला तुकडा आतच होता.

मेस्त्रींनी चष्मा लावून कोपरा पाहिला. "काय गो बाय, रात्रीत वाढलो की काय दोरो?"

"आतला दोरा ताणून बाहेर आला असेल."

"मग कापड चुणाक नको?" त्यांनी कोपऱ्यावरून हात फिरवला. कापड सपाट होतं, कुठे चुणी नाही, एक टाका ओढलेला नव्हता. मग म्हणाले, "तुका ही धाडूची नाय, तर धाडतंस कित्याक? एक गोधडी कमी गेली म्हणून विमान पडाचा नाय."

"मला धाडायचीच आहे, मेस्त्री."

मला राग आला होता. मेस्त्रींचा नाही, आईचा. गेलीस ना मला टाकून, मग आता कशाला... असं चक्क मनात आलं. मी पुन्हा दोरा कापला, आणि या वेळी वरून पांढऱ्या दोऱ्याच्या तीन पक्क्या गाठी मारल्या. कोपऱ्याचा फोटो काढून घेतला. फॉर्मवर लिहिलं – सुटा दोरा नाही. सही केली. दोन दिवसांनी मेस्त्रींनी माझ्यासमोर खोक्याला स्क्रू मारले आणि खोकं सहार विमानतळाच्या कार्गोला गेलं.

सुटले का? नाही. कपाटातली ती जागा रिकामी झाली, बस. शाहबेन एकदा म्हणाल्या, "तू हल्ली लाइट लवकर बंद करते."

दीड महिन्याने तिकडून पत्र आलं, सोबत बारा फॉर्मच्या प्रती. अकरा गोधड्या उत्तम. अकरा नंबरच्या फॉर्मवर इंग्रजीत टाइप केलेलं होतं – खालच्या कोपऱ्यात सुटा लाल दोरा, अंदाजे नऊ इंच. गोधडी संग्रहात कायमची घेण्याआधी आम्ही गाठ मारून टाकू का, कृपया परवानगी कळवावी.

नऊ इंच म्हणजे वीतच.

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. ऑफिसमध्ये, सगळ्यांदेखत. मग तार केली – गाठ मारू नका, प्रदर्शन संपलं की परत पाठवा.

पावसाळा सरल्यावर बाराही गोधड्यांचं खोकं परत आलं. मेस्त्रींनीच स्क्रू काढले. माझ्या तीन पांढऱ्या गाठी जागच्या जागी होत्या, एकही सैल नाही. आणि त्यांच्याशेजारून तो लाल दोरा बाहेर आलेला. मेस्त्री हत्यारं पिशवीत भरून म्हणाले, "रिक्षा बघतंय. घराक घेऊन जा."

पुढे मी खूप जणांना विचारलं. कोणी म्हणालं हवेतला दमटपणा, कोणी म्हणालं म्युझियमवाल्यांनीच उसवलं असेल. गाठी न सोडता? आणि मुलुंडला कोण होतं? फोटो अजून माझ्याकडे आहे, त्यात कोपरा स्वच्छ दिसतो. मला उत्तर सापडलेलं नाही, आणि आता मी शोधतही नाही. घरी कुलूप अजून मीच काढते, पण थंडीत ती गोधडी पांघरते.

त्या फॉर्मवर सगळ्यात खाली एक रकाना असतो – वस्तू कायमची कुठे ठेवली. बाकीच्या अकरा फॉर्मवर मी गाळ्याचा पत्ता लिहिला. तिच्या फॉर्मवर लिहिलं, "घरी". वर दोऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "सुटा आहे. दुरुस्तीची गरज नाही." आणि सही केली.