राखेतली पावलं

डोमा आत्राम अहेरीकडच्या जंगलातला. बांबू तोडायचा, मोहफुलं वेचायचा. त्यावर भागेना म्हणून बायकोला, बुधरीला, घेऊन तो घुग्घुसच्या बाजूला एका कोळसाखाणीत आला. एके दिवशी रुळावरचा कोळशाचा डबा सुटला आणि त्याला भिंतीशी चेपून गेला. मांडीचं हाड जुळलं, पण वाकडं.

वर बत्तीघरात बसून दिवे पुसायचं काम लंगड्यांना मिळे. नाहीतर पुन्हा खाली. लंगडा कोण, हे खाणीचा डॉक्टर ठरवी.

त्याची स्वतःची रीत होती. मजुरांची तोंडं खोटं बोलतात, म्हणून तो तोंडाकडे पाहतच नसे. दवाखान्याच्या ओसरीवर राख पसरायची, अनवाणी चालवायचं आणि उमटलेली पावलं पाहायची. दुखरा पाय आखूड पडतो, अंगठा फरफटतो.

"दादाजी, याला चालून दाखव," डोमा समोर येताच डॉक्टर कंपाउंडरला म्हणाला. दादाजी राखेतून चालत गेला. "हं, आता तू."

जंगलात पुढचा जिथे पाय ठेवतो, मागच्याने तिथेच ठेवायचा. तिथे काटा नसतो, साप नसतो. डोमा बापाच्या मागे असाच चालायला शिकला होता. दुसरं चालणं त्याला ठाऊक नव्हतं. दादाजीच्या पावलांत तो पाय ठेवत गेला. दर पावलाला हाडात सुरी फिरली. ओठ चावून रक्त आलं. पाऊल मात्र चुकलं नाही.

डॉक्टर वाकला आणि हसला. "बघ दादाजी, तुझ्या पावलावर पाऊल! अंगठासुद्धा बाहेर नाही. हा लंगडा असेल, तर मी आंधळा."

"दुखते जी, साहेब."

"नाटकात जा. इथे नको."

दादाजीने डोमाचा ओठ पाहिला होता. तो झाडू घेऊन राख सारखी करू लागला. बाहेर पुढचा मजूर उभा होता.

घरी बुधरीने विचारलं, "काऊन, वरचं काम देल्लं?"

"नाई. खाली जा मने."

"मंग नीट काऊन चाललास? पडाचं होतं तिथीच, बयताडा!"

"तो पुढं गेल्ता ना," डोमा म्हणाला.

महिनाभरात खाणीचं छत कडकडलं. सगळे पळाले. डोमाला पळता आलं नाही. पुढच्या पाळीने त्याला उकरून काढलं.

मालकांनी दया दाखवली. बत्तीघरातली जागा बुधरीला मिळाली. तिचे पाय धडधाकट होते; दिवसभर बसून ते बधिर होत.