आप्पांची नाडी

दौंडच्या रेल्वे कॉलनीत आजार लपवायची एक पद्धत होती. इंजिनावरचा माणूस आधी परगावच्या डॉक्टरकडे जायचा आणि तिथे धडधाकट ठरला की मगच रेल्वेच्या मेडिकलला उभा राहायचा. दौंडात दाखवायची सोय नव्हती. दवाखान्यातल्या बाकावर शेजारीच बसलेले असायचे आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या लाइनीत बोभाटा व्हायचा. अनफिट ठरलं की इंजिनावरून खाली, शेडमध्ये हलकं काम. माझे वडील, आप्पा, मालगाडीचे ड्रायव्हर होते. त्यांना मरणाची भीती नव्हती, या खाली उतरण्याची होती. मला हा शूरपणा तेव्हाही मूर्खपणा वाटायचा, आजही वाटतो.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत त्यांना जिना चढताना धाप लागू लागली. मामा शिरूरला राहायचा, म्हणून आई, आप्पा आणि मी एसटीने तिकडच्या डॉक्टरांकडे गेलो. ईसीजी काढला. डॉक्टरांनी प्रत्येक ठोक्याआधीचा छोटा उंचवटा पेनाच्या टोकाने दाखवला. तो हवा त्याहून पसरट होता आणि माथ्यावर खाच पडलेली.

"हृदयाचा वरचा कप्पा ताणलाय. आज ठोके नियमित आहेत, पण अशांचे पुढे बिघडण्याची शक्यता जास्त. मग आत रक्ताची गुठळी होते, आणि ती मेंदूत गेली तर लकवा. होईलच असं नाही. पण ब्लडप्रेशरची गोळी चुकवू नका, दाखवायला येत राहा."

मग त्यांनी आईला आप्पांचं मनगट धरायला लावून नाडी बघायला शिकवलं. ठोक्यांचा मेळच लागेना झाला, तर तसंच घेऊन या, म्हणाले.

एवढ्यातलं आप्पांनी एकच वाक्य ऐकलं, आज ठोके नियमित आहेत. परतताना एसटीत म्हणाले, "पिवळा सिग्नल हाय. पिवळ्याला गाडी उभी करत न्हाईत, सावध न्यायची असती."

"आन् म्होरं लाल लागला मंग?" आईने विचारलं.

"लागंल तवा बघू."

पिवळ्याला वेग कमी करतात, हे ड्रायव्हरला मी सांगायला हवं होतं का? रेल्वेच्या मेडिकलला ठोके नियमितच निघाले. फिट! आप्पांनी पेढे वाटले. आई ड्युटीच्या पेटीत गोळ्या ठेवायची, ते काढून टाकायचे. परगावी ड्रायव्हरांच्या मुक्कामाच्या रनिंग रूममध्ये जेवायला बसलं की चटणी-लोणच्यासाठी कुणीही कुणाची पेटी उघडायचा, गोळ्या दिसल्या की संपलंच. बरं, घरी तरी घ्याव्यात, तर तेही नाही. "गोळी खाल्ली म्हंजी आजारी झालो," म्हणायचे. आई बोलून बोलून दमली, पण पालथ्या घड्यावर पाणी. ते ड्युटीवरून येऊन झोपले की ती हळूच मनगट धरायची. जाग आली की हात झटकायचे, "मी काय मेलोय व्हय गं?"

पुढे काही वर्षांनी, रजेच्या दिवशी, दाढी करताना त्यांच्या हातातून रेझर पडला. उचलायला वाकले ते तिथेच कलंडले. तोंड वाकडं झालं, उजवी बाजू गेली. आदल्या दिवशी ते मालगाडी घेऊन आले होते.

पुण्याच्या दवाखान्यातल्या ईसीजीत तो छोटा उंचवटा उरलाच नव्हता. त्याच्या जागी नुसती थरथर होती. मला रडू आलं नाही, राग आला, आणि तो पुष्कळ वर्षं गेला नाही.

क्वार्टर सोडून आम्ही भांडगावला, आमच्या गावच्या घरी आलो. आप्पांची वाचा गेली ती गेलीच. नाडीही पुन्हा ताळ्यावर येणार नाही, असं डॉक्टरांनी आईला सांगून ठेवलं होतं. रोज सकाळी ती चहा घेऊन आली की आप्पा डाव्या हाताने आपला लुळा उजवा हात उचलायचे आणि मनगट तिच्यापुढे धरायचे. ती कप खाली ठेवायची, डोळे मिटून नाडी बघायची.

"नीट चालतीया," म्हणायची.

मग ते चहासाठी तोंड उघडायचे.