अडीच इंची लेन्स

कॅमेऱ्याच्या लेन्सबद्दल माझी मतं ठाम आहेत आणि ती मला कुणी विचारत नाही. रोजच्या फोटोंसाठी लेन्स छोटी हवी, स्वस्त हवी आणि शर्टाच्या खिशात मावणारी हवी. लांबलचक नळकांडं मिरवणाऱ्याला फोटोपेक्षा नळकांड्याचीच हौस असते.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी जळगावला नोकरीला होतो. एक जुना कॅमेरा हाती आला होता, बिनलेन्सचा. दुकानदाराने आधी दुधीभोपळ्याएवढी झूम लेन्स काउंटरवर ठेवली आणि लग्नाच्या ऑर्डरी मिळतील म्हणून भरीस घालू लागला. मी पन्नास एमएमची साधी लेन्स घेतली. कमी उजेडात चालणारी, मुठीत लपणारी. मला ती नानांसाठी हवी होती.

नाना म्हणजे माझे वडील. अमळनेरजवळ आमची कपाशी. दिवसभर सगळ्यांची टिंगल करणारा हा माणूस कॅमेरा दिसला की दगड व्हायचा. हनुवटी वर, मुठी गुडघ्यांवर, श्वास बंद. घरात त्यांचा एकच फोटो होता आणि त्याला हार घालायचाच काय तो बाकी होता. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा ती मला म्हणाली, दागिने राहू दे, मला नानांचा हसरा फोटो दे.

"परक्या घरात मी त्या दगडाशी काय बोलू?"

मग दर रविवारी गावी जाऊन मी गोठ्याआडून दबा धरू लागलो. लेन्स एवढीशी, पण नानांना तिचा वास यायचा. एकदा ते खो खो हसत असताना मी बटण दाबलं, आणि रोल धुऊन आला तर त्यात दगडच. बघता बघता लग्नाचा दिवस उजाडला.

लग्नाचे फोटो मीच काढणार होतो. वऱ्हाड धुळ्याकडचं. नवरदेवाचे थोरले काका, ज्यांना सगळे आबा म्हणत, मांडवात आले, माझा कॅमेरा पाहिला आणि रुसले. आमच्याकडे लग्नात कुणीतरी रुसावंच लागतं, त्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाही. पण लोक फेट्यावरून रुसतात, टॉवेल-टोपीवरून रुसतात. लेन्सवरून रुसलेला मी पाहिलेला हा एकटाच.

"हाऊ कॅमेरा शे का तंबाखूनी डबी?" एवढं विचारून आबा जानवशाला गेले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांच्या गावातल्या लग्नात म्हणे हातभर लेन्स आली होती. मी त्यांना छोट्या लेन्सचे फायदे समजावले. त्यांनी ते डोळे मिटून ऐकले. काका येईनात म्हणून नवरदेव हलेना, आणि बहीण मुंडावळ्या बांधून आत बसलेली.

तेवढ्यात नाना घरामागून आले. हातात शेतातल्या अडीच इंची पाइपचा वीतभर तुकडा, तव्याची काजळी तेलात कालवून काळाकुळीत केलेला. सायकलच्या ट्यूबचं रबर घालून त्यांनी तो माझ्या लेन्सवर चक्क ठोकून बसवला. जीव जातो म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मोठी लेन्स आली असा निरोप धाडला, तेव्हा आबांनी येऊन पाइप वितीने मोजला, मान डोलावली, आणि लग्न लागलं.

मी आत डोळा लावला तर चहूकडे काळोख आणि मधोमध गोल उजेड, विहिरीच्या तळातून वर पाहावं तसा. नवरी मावली तर नवरदेव मावेना. पाइप काढावा तर आबा माझ्या खांद्याला खांदा लावून उभे. त्यात पाइप बसला होता नेमका फोकसच्या कड्यावर, म्हणजे फोटो स्पष्ट हवा तर अख्खा पाइप पिळायचा.

मी कॅमेरा नानांकडे वळवला. ते लगेच दगड झाले. मी पाइप उजवीकडे पिळला, डावीकडे पिळला, आणखी पिळला. कपाशीला पाणी सोडताना कॉक फिरवण्यात ज्याचा जन्म गेला, तो माणूस माझ्या हातांकडे पाहत राहिला. मग त्यांचे ओठ थरथरले.

"आखो फिराव, पानी येत नही," ते म्हणाले, आणि इतके हसले की टोपी पडली. मीही हसत होतो, तसंच बटण दाबलं.

रोल धुऊन आला. सगळं लग्न गोल. एका फोटोत नवरदेवाचा कान, दुसऱ्यात नवरीची नथ. मान खाली घालून मी अल्बम घेऊन बहिणीच्या सासरी गेलो. आबांनी तो मांडीवर घेऊन शेवटपर्यंत पाहिला आणि जमलेल्यांना सांगितलं की भारी लेन्सचे फोटो गोलच येतात. सासूबाईंनी लगेच शेजारणींना हाका मारल्या.

नानांचा फोटो मी बहिणीला वेगळा दिला. हललेला, कडा काळ्या, टोपी निम्मी बाहेर. पाठवणीला न रडलेली माझी बहीण तो पाहून हमसून रडली. मला वाटलं, फोटो बिघडला म्हणून रडते. मी काही बोलणार, तोच आबा तिच्याजवळ सरकले आणि खांद्यावरचं उपरणं तिच्या हातात दिलं. मग खालच्या आवाजात मला म्हणाले, चार इंची पाइप लावला असता तर टोपीही मावली असती.

म्हणजे तो पाइप आहे हे त्यांना सुरुवातीपासून ठाऊक होतं. मी संतापलो, पण अल्बम पुन्हा त्यांच्याच मांडीवर ठेवला. त्या घरात माझ्या बहिणीला एक माणूस मिळाला होता.